सतरा नंबरची जागा

ऑगस्ट संपत आला की ते दोघं येतात.
साइमा तळ्याच्या या काठावरची गर्दी तेव्हा ओसरलेली असते,
डास थकलेले,
आणि रात्रींना पुन्हा काळोख आठवायला लागलेला.
मी फाटकाची दांडी वर करते.
"सतरा नंबर," मी म्हणते.
इर्या मान हलवते. तिला ठाऊकच असतं.

सतरा नंबर म्हणजे उतार,
डाव्या हाताला पाइन, उजवीकडे विजेचा खांब, मागे थेट पाणी.
जर्मनीहून आलेली धडधाकट जोडपी
तिथं कॅरव्हॅन लावताना हातघाईवर येतात.
परवाच एक बाई चावी तळ्यात भिरकावून
बसथांब्याकडे चालत निघून गेली.
आणि मी, खोटं कशाला सांगू,
नवऱ्याला गाडी मागे घेताना एकदाच खुणावलं होतं.
टपालाची पेटी अजून वाकडी आहे.
नवरा लाप्पेनरांतात असतो, दुसऱ्या कुणाबरोबर.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताउनो खाली उतरतो.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली त्यानं.
करवतीनं कान नेले हळूहळू,
आणि उजव्या हाताची दोन बोटं एका झटक्यात,
एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
म्हणून गाडी तिच्याकडे, खुणा त्याच्याकडे.

पाचही बोटं सारखी नसतात हे खरं,
पण त्याच्याकडे पाच नाहीतच.
तो हात वर करतो.
सोळा नंबरमधला पोरगा ओरडतो, "तीन मीटर!"
इर्या बघतही नाही तिकडे.
तीन म्हणजे अख्खा पंजा.
अख्खा पंजा म्हणजे थांब.
चाक आणि पाइनचं मूळ यांच्यामध्ये
जेमतेम एक काडेपेटी मावेल.

तळवा जमिनीकडे, झोपलेल्या कुत्र्याला थोपटल्यासारखा: हळू.
अंगठा खांद्यावरून मागे: ये.
तर्जनी गेलीय, त्यामुळे तो कुणाकडे बोट रोखू शकत नाही.
डावीकडे म्हणायचं असेल तर
स्वतःच डावीकडे झुकतो,
वाऱ्यातल्या भूर्जासारखा,
आणि आरशातलं हे उलटं झाड
ती मनातल्या मनात सुलट करून घेते.

एका वर्षी त्यांच्यात अबोला होता.
का, ते मला माहीत नाही, विचारायची इथं पद्धतही नाही.
तरी खुणा चालू होत्या:
हळू. ये. अजून वीतभर. बस्स.
गाडी रेघेत उभी राहिली
आणि तो उशी काखेत मारून
होडीच्या खोपटात झोपायला गेला.

नियम एकच.
सॉनाच्या पायरीवर इर्यानं एकदा सांगितला होता, केस पिळता पिळता:
तो आरशात दिसला नाही, तर थांबायचं.
हॉर्न वाजवून उपयोग नाही.
नुसतं थांबायचं.

यंदा तो दिसेनासा झाला.

इंजिन चालू. गाडी अर्धी उतारावर.
एक मिनिट गेलं, मग दुसरं.
हेलसिंकीची एक गाडी मागे खोळंबली, तिनं दिवे चमकावले.
इर्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर,
नजर रिकाम्या आरशात.
मी केबिनबाहेर आले, धावणारच होते,
तर तिनं खिडकीतून पंजा दाखवला.
पाच बोटं.
मला.
मी थांबले.

मग चाकामागून ताउनो वर आला,
गुडघे एकेक करत,
टोपी दोन्ही हातांत धरलेली, पिवळ्या अळंब्यांनी काठोकाठ.
चाकाच्या वाटेतच उगवल्या होत्या म्हणे.
एकेक खुडून, माती पुसून
त्यानं वेचून घेतल्या होत्या.

हात मोकळा नव्हता.
म्हणून त्यानं हनुवटी उचलली, किंचित.

ही खूण मी कधी पाहिली नव्हती.
बहुधा तिनंही नाही.
कॅरव्हॅन मागे सरकली, वीतभर,
आणि थांबली.