हातचं न राखता

दुकानातला पोरगा मायक्रोफोनचंच कौतुक सांगत बसला.
आवाज काय खणखणीत येतो बघा, तो मला म्हणाला
आणि मी ते आईला हातांनी सांगितलं.
आई हसली.
सांग त्याला, आवाज त्यालाच लखलाभ.
सेकंदाला चित्रं किती, ते विचार.

वूच शहर, फेब्रुवारीतली दुपार.
बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळून
आमचं एक लहानसं तळं झालेलं.
खिशावर नावाची पट्टी: त्सेझारी.
तो खोक्यांवरचे बारीक आकडे शोधू लागला.
आई आकड्यांसाठी थांबली नाही.

पहिला कॅमेरा, सगळ्यात स्वस्त.
तिने त्याच्यासमोर हालिनाचं नाव घेतलं.
हालिनाचं नाव म्हणजे
भुवईवरच्या व्रणावरून झर्रकन फिरणारं एक बोट.
पडद्यावर बोट निघालं आणि एकदम खाली पोचलं.
मधली हालिना गायब.

दुसऱ्यात हालिना होती,
पण बोटांचं पिठलं झालेलं.

तिसऱ्यासमोर तिने थेट गिरणीतला किस्साच काढला,
मुकादम, बकरी, मुकादमाची टोपी.
मागांच्या खडखडाटात बाकीच्या बायका घसा फोडायच्या,
या दोघी चार मागांपलीकडून
निवांत सुखदुःखाचं बोलायच्या.
एकदा भांडल्या, तेव्हा खरीखुरी हातघाई,
आणि तिघी बघ्या बायकांचे धागे तुटले.
त्सेझारीला एक अक्षर कळलं नाही,
पण बकरीने टोपी खाल्ली तिथे तो हसला.

हाच, आई म्हणाली.

किंमत ऐकून मी हात आखडता घेतला.
तिने पर्स उघडली.
नवे बूट पुढच्या वर्षी.

घरी आल्यावर फुलाफुलांचा ब्लाउज गेला, काळा स्वेटर आला,
शब्द उठून दिसावेत म्हणून.
दिवा खिडकीतून टेबलावर.
नऊ वाजता श्चेचिन लागलं.
चौकटीत आधी छत, मग कपाळ, मग हालिना.

आईचे हात सुटले. सहा वर्षांचं साठलेलं.
हालिनाचे येईनात.
अडखळत, तुटत,
एकेका शब्दापाशी थांबत.
आईने वायर काढली, लावली,
मॉनिटरला एक चापट मारली.
फसवलं पोराने. उद्या नेऊन देते.

तेव्हा हालिनाने उजवा हात
कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणला.
पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी.
एकेक रेघ स्पष्ट.

कॅमेरा चोख होता.

आई थोडा वेळ काही बोलली नाही,
म्हणजे हात मांडीवर ठेवून बसली.
मग तिने बकरीचाच किस्सा पुन्हा काढला,
इतका सावकाश,
की मला पहिला शब्द शिकवतानाही
ती इतकी सावकाश बोलली नसेल.

मी शेजारच्या खोलीत पडून ऐकत होते.
हो, ऐकत. या घरात ते काम माझं एकटीचं.
बाहीची सळसळ, तळव्यावर तळवा,
आईचं ते घशातलं हसू
जे तिने स्वतः कधी ऐकलेलं नाही.
फुकट आलेला मायक्रोफोन पिशवीत तसाच,
त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

त्या रात्री बकरीला टोपी खायला
अर्धा तास लागला.