हात वर

सोहार बंदर, तिसरा मजला.
आत योरित टर्पस्त्राची केबिन, बाहेर माझं टेबल.
मी कागद सांभाळतो.
कुठली प्रत जुनी, कुठली नवी,
कुठल्या नकाशावर ‘रद्द’ मारायचं, एवढंच.
एकोणीस वर्षं झाली.

तो आला तेव्हा त्याची कार्डं मीच छापून आणली
मासळीबाजारामागच्या मलबारी प्रेसमधून.
एका अंगाला अरबी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी,
उपाध्यक्ष, गाळउपसा विभाग,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: माजी जलमंत्री.
पहिल्या खेपेला म्हणाला, ही ओळ नको.
दुसऱ्या खेपेला काहीच म्हणाला नाही.
आता पाचवी खेप. मुंगीचा मुंगळा झालाय.
ते त्याने नाही सांगितलं,
दुबईच्या ऑफिसातून फोन आला होता.

एकदा रमजानात, दुपारी, मजला अर्धा रिकामा,
त्याने विचारलं, मिस्टर कडू, तुमच्या नावाला अर्थ आहे?
सांगितला. कारलं, कडुनिंब, काढा.
पोट धरून हसला.
म्हणाला, माझ्या नावात टेकाड आहे.
बांध नव्हते तेव्हा आमची माणसं
शेणमातीचे ढीग रचून वर घरं बांधायची,
भरतीला सगळं गाव बेटावर बसल्यासारखं बसायचं.
मग मी त्याला आमचा खारेपाट सांगितला,
पेणच्या खाली, खाडीला टेकलेला.
उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की
पेंढा, चिखल, मोडकं दार, हाताला लागेल ते घेऊन
धावणारी आळीच्या आळी.
आणि बांधातली उघडी.
तिचं चित्र काढायला लावलं त्याने,
एका रद्द नकाशाच्या पाठीवर.
दार कुठल्या बाजूला उघडतं?
खाडीकडे, मी म्हणालो.
ओहोटीला आपोआप उघडतं, भरतीला आपोआप मिटतं,
माणूस लागत नाही.
तो चित्राकडे बघतच राहिला.
मग चहाची वेळ नसतानाही चहाचं विचारलं,
आणि रोजा आठवून गप्प झाला.

त्यांच्या संसदेत मत देताना हात वर करतात, म्हणे.
चौदा वर्षं याने केला.
समुद्रात गाळ ओतू नये: हात वर.
जहाजांच्या धुरावर कर: हात वर.
मंत्र्याने खुर्ची सोडल्यावर दोन वर्षं
त्याच धंद्यात पाऊल टाकू नये: हात वर.
दोन वर्षं आणि अकरा दिवसांनी
तो मस्कतला उतरला. तारीख माझ्या फायलीत आहे.

मार्चमध्ये कोळी आले, सातजण.
सगळ्यात म्हातारा खल्फान.
तो काही बोललाच नाही.
पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली,
जिथे त्याला सुरमई मिळायची तिथलं पाणी,
ताकासारखं.
दुभाष्या घसा खाकरत होता, एसी गुरगुरत होता,
आणि साहेबाने हात वर केला.
स्वतःच्याच ऑफिसात, स्वतःच्याच खुर्चीत,
बोलायची परवानगी मागितल्यासारखा.
द्यायची कोणी?
सगळे एकमेकांकडे बघू लागले.
खल्फानला वाटलं सलाम आहे, त्याने परत केला.

आमच्याकडे हात वर करणं म्हणजे काय
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.
नोकरी आहे.

इतिवृत्तात मुद्दा चौथा: नमुना तपासणीस पाठवावा.
कुठल्या तपासणीस, ते लिहिलेलं नाही,
म्हणून बाटली माझ्या टेबलावर.
तिला नंबर नाही, प्रत नाही, शिक्का कुठे मारू?
गाळ बसलाय तळाशी, चार बोटं.
वरचं पाणी इतकं नितळ की त्यातून घड्याळ वाचता येतं.
खालून डंपर गेला की जरा ढवळतं.

सहाला तो निघतो.
काचेच्या दाराशी थबकून
माझ्याकडे बघून हात वर करतो.
मीही करतो.