घडी

फाईल एकच. नऊशे बारा ओळी.
नाव ठेवलं घडी,
कारण दुसरं काय करते ती?
चालती-बोलती वस्तू घ्यायची,
हातपाय पोटाशी घ्यायला लावून एका ओळीत निजवायची,
आणि पलीकडे कुणी झटकली
की तश्शी उभी राहायला हवी.

खारेगावात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री दीडला मी हे लिहिते. फुकट.
आई विचारते, मग घेतं कोण?
चारशे जण घेतात गं.

रिकामा खिसा आणि खिसाच नसणं
यातला फरक लिहून ठेवावा लागतो.
लेकीकडे आईचा पत्ता, आईकडे लेकीचा:
पहिल्या आवृत्तीत दोघी एकमेकींना शोधत
मशीन गुदमरेपर्यंत फिरल्या.
आता क्रमांक घालते. ही येऊन गेली, सात नंबर, पुढे चला.
आणि उघडी जोडणी, जिच्या पलीकडे कुणी बोलत असतं,
तिची घडी होत नाही.
तिला मी सरळ नाही म्हणते.

सोमवारी तार्तूहून एकाचं पत्र:
तिसऱ्या आवृत्तीत माझ्या जुन्या फायली उघडत नाहीत.
'जुनं बंद झालंय, कृपया' इथवर लिहिलं
आणि बोट अडलं.

अप्पा जांभळी नाक्यावर साड्यांच्या दुकानात, एकतीस वर्षं.
गिऱ्हाईक चाळीस उघडायचं, एकही न घेता उठायचं.
गल्ल्यावरून हाक: केरकर, आवरा!
हनुवटीखाली पदर धरून, काठाला काठ,
चाळीसच्या चाळीस.
भारी साडीची घडी मात्र दर दोन महिन्यांनी बदलायचे,
एकाच रेघेवर राहिली की जरीची तार तुटते म्हणून.
बदलायचे, पण आधी
जुन्याच रेघांवरून ती पूर्ण उलगडून.
ओढून कधीच नाही.

अडतीस ओळी वाढवल्या.
जुनी घडी ओळखायची, तिच्याच रेघांनी सोडवायची,
मग नवी घालायची.
हलकेपणा थोडा गेला. जाऊ दे.

पहाटे उत्तर आलं: उघडल्या! आभार.
फक्त प्रत्येक नोंदीची वेळ
साडेपाच तास पुढे दिसतेय. असं का?

हसूच आलं.
घडी घालताना
इथली घडी आत राहून गेली होती.
अप्पा उठले होते. चहा ठेवत म्हणाले,
काय गं, झालं का आवरून?