खोच

शिवडी कोर्टात दुसऱ्या मजल्यावरचा पंखा
फक्त साहेबांच्या डोक्यावर फिरतो.
मी खाली, टायपिंगला.
मराठीत बोललेलं उचलायचं, इंग्रजीत ठेवायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही. अठरा वर्षं.

साक्षीदार क्रमांक चार, मथुरा गजानन वैती,
धंदा मासळी, राहणार माझगाव.
पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर
बर्फ फोडायचा टोचा कुणाच्या हातात होता
ते सांगायला आलेली.
म्हणाली, "सुकऱ्यानं टोचा कमरेला खोचला, न् वळला."

भोसकला म्हणाली असती तर सोपं होतं.
तो पेपरवाल्यांचा शब्द, छापून छापून बोथटलेला.
खुपसला, तर आत किती गेला तेही ऐकू येतं.
पण खोचला?

पदर खोचतात. निऱ्या खोचतात.
अंबाड्यात अबोली.
आमची आई विळा छपरात खोचायची,
पोस्टमन फटीत पत्र खोचून जायचा
आणि बंद घराला कळायचंसुद्धा नाही.
खोचलेलं परत काढता येतं,
मला वाटायचं, एवढाच त्याचा अर्थ.

बचावाचे वकील उठले : स्वतःच्याच कमरेला ना, बाई?
सरकारी वकील उठले : मयताच्या कमरेला, हो ना?
वाक्यात कंबर होती, कंबरेला मालक नव्हता.
मराठी वागते अशी कधीकधी,
घरचीच माणसं आहेत, घेतील समजून, म्हणून
अर्धं बोलून थांबते.

साहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीत काय?
टक्ड लिहिलं तर एक माणूस आज घरी,
स्टॅब्ड लिहिलं तर जन्मभर आत.

"बाई, करून दाखवा."
मथुराबाईंनी पिंजऱ्यात इकडेतिकडे पाहिलं.
हाताशी काही नव्हतं.
मग खांद्यावरून घसरलेला पदर घेतला,
कमरेशी नेला
आणि असा काही आत दाबला
की मूठ पांढरी पडली.
बराच वेळ काढली नाही.
"असा," म्हणाली. "त्याचं पोर अजून माझ्याकडं जेवतं."

कुणाचं?
दोन्ही वकील एकदम ओरडले,
आणि जेवणाची सुट्टी झाली.

कागदावर मी तिचाच शब्द ठेवलाय, देवनागरीत, हातानं लिहून,
अलीकडे पलीकडे इंग्रजी.
पेन कानावर खोचून डबा उघडला.
खिडकीतून दूर खाडीची पट्टी दिसते.
ओहोटी आहे. रोहित आलेत यंदा लवकर,
चिखलात चोच खोचून उभे.
काढतात. पुन्हा खोचतात.