खालची फळी

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी, औलूमध्ये,
लेम्पीच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरला.
कोपऱ्यांवर वजनं: साखरेचं भांडं,
ओइवाच्या चष्म्याचं घर,
रक्तदाब मोजायचं यंत्र.
चौथा कोपरा पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिला.
तिथं कौको कोपर टेकायचा.

शेवटी मी माझा कप ठेवला.

"सप्टेंबरचा पहिला आठवडा," ओइवा म्हणाला, "नंतर नको.
रंग दहा दिवस चढतो,
मग एका रात्री वारा येतो आणि झाडून नेतो."
कागदाच्या गिरणीत तीस वर्षं काढली त्यानं,
झाडांविषयी जपून बोलतो.

दक्षिणेची माणसं रंग बघायला येतात
आणि माना वर करून चालतात.
आमच्या उत्तरेत रंग पायाखाली असतो:
घोट्याएवढे बर्च, निळ्या बोरांची पानं,
डोंगरच्या डोंगर तांबडा.
आम्हाला तसंही आता
खाली बघूनच चालावं लागतं.

लेम्पीनं पेन्सिलीनं पंचावन्न लिहिलं,
एके काळी चार दिवसांत केलेले.
खोडलं. बत्तीस. खोडलं.
चौदा किलोमीटर, एक मुक्काम, त्याच वाटेनं परत.
चौदा कागदावर बरे बसले.
उतारवय म्हणतात ते उगाच नाही,
चढ अजून जमतो,
उतार छळतो.

मग यादी. काठ्या सहा.
गोळ्यांची डबी, वारांच्या कप्प्यांची.
ओइवाचं इन्सुलिन रात्री पोटाशी घेऊन झोपायचं,
नाहीतर गोठेल.
कॉफीची किटली लेम्पीनंच खोडली:
"पोचे पडलेत. शिवाय जड आहे."
कुणी काही बोललं नाही.
खोपटात सरपण असतं,
निघताना पुढच्यासाठी फोडून ठेवायचं.
कुऱ्हाड कोण चालवणार, यावर ओइवा खोकला.

आणि फळ्या.
पूर्वी वरच्या फळीसाठी भांडायचो,
ऊब वर जाते म्हणून.
आता खालची एकच रिकामी मिळाली तर?
ओइवा रात्री तीनदा उठतो,
लेम्पीचा खुबा नवा,
माझा गुडघा जुना.
काड्यापेटी आली. काड्या काढल्या.
लेम्पी जिंकली.

तिनं टेबलाखाली काडी मोडताना
मी पाहिलं होतं.
तोंडापर्यंत आलेलं
कॉफीबरोबर गिळलं.

निघताना दाराशी तिची पाठपिशवी आडवी आली,
आठवडा आधीच भरलेली.
बाजूला सरकवायला उचलली
तर यादीपेक्षा बरीच जड,
आणि तळाशी काहीतरी
पत्र्याचं
खणखणलं.

"मोजे," लेम्पी म्हणाली.

"असतील," मी म्हटलं.
जिन्यात ओइवा पहिल्या पायरीवर थांबला होता,
कठडा धरून,
सराव करत.