मधल्या ओळी

मारिबोरला, जुन्या पोस्टाच्या तळघरात
दर गुरुवारी आम्ही चुका काढत बसतो.
घरी माझी ही खोड समजली जायची.
इथे तिला कुलूप-किल्ली आहे, आणि एक हीटर.

व्होयको रेल्वेत सिग्नलवर होता. तो टेप लावतो,
हेडचा कोन जुळवतो, डोळे मिटून ती किंचाळी ऐकतो.
"हा खेळ नव्हे," म्हणतो, "कुणाच्या तरी लग्नातला अकॉर्डियन."
मग तेही नोंदवायचं.
तादेया दिवसभर कवळ्या बनवते. भिंतीवरचा खडूतला नियम तिचा:
आपल्या चुका सुधारायच्या. त्यांच्या जपायच्या.
म्हणजे साल चुकलं तर ते आपलं पाप.
पण खेळात 'पूल' या शब्दात एक अक्षर जास्तीचं पडलंय,
त्याला हात लावायचा नाही.

इथे त्सच्या डोक्यावर छोटी उलटी टोपी घातली
की त्याचा च होतो.
त्या यंत्रांत टोपी नव्हती.
अख्ख्या पिढीची नावं बोडकी छापली गेली.
आमच्या यादीतही: ब. कोत्सेवार.
मी म्हटलं, कोचेवार असणार,
आणि मनात हसले, थेट चंद्रपूरकडचा वाटतो.
चाकातला च की चारातला, हे आम्हीही लिहून दाखवत नाही,
वाचणाऱ्याच्या जिभेवर सोडतो.

खेळ 'तराफेवाला', १९८६.
द्रावा नदी, ओंडक्यांचा तराफा, सात पूल.
सातव्याखाली तराफा अडकतो.
नऊ वर्षं आमची नोंद: प्रत खराब, चांगली शोधा.
चार सापडल्या. एक त्सेल्येच्या शाळेत,
एक ग्राझच्या जुन्या बाजारात, बुटांच्या खोक्यात.
चारही सातव्या पुलाखाली अडकल्या.

मार्चमध्ये एक बाई आल्या. कोट काढला नाही.
ब्रेदा कोचेवार. पिशवीत चौकटींची वही.
"ब म्हणजे बोगोमीर ना?" व्होयकोने विचारलं.
"तोही. आणि मीही.
यंत्र एकच होतं. त्याला दुपार, मला रात्रीचे दोन तास.
वडील घड्याळ समोर ठेवायचे."

दहा, वीस, तीस, चाळीस.
ओळींचे आकडे, भावाचं उभं अक्षर.
तेव्हा सगळेच दहाच्या उडीने आकडे टाकत,
पुढे काही चुकलंच तर मध्ये जागा असावी म्हणून.
आणि मध्ये, पेन्सिलीने: पंधरा. पंचवीस. छत्तीस.
"तो झोपला की मी त्याच्या चुका काढायचे.
सकाळी तो काही विचारायचा नाही. नुसतं खेळून बघायचा."

चारशे पस्तीस वहीत होती, टेपवर नव्हती.
त्या रात्री दोघं भांडली होती.
"सायकलवरून असेल," त्या म्हणाल्या. "नक्की आठवत नाही."
सकाळी त्याने खेळ तसाच पाठवून दिला.

आता तो फ्रायबुर्गला असतो. नाताळला फोन करतो,
तिकडे बर्फ पडला का, ते सांगतो.

"ती ओळ घालू?"
तादेयाने भिंतीकडे पाहिलं.
मग खुर्ची सरकवून दिली. "ही आमची प्रत नव्हे. नुसतं बघायला."

बाईंनी एका बोटाने टाइप केलं.
तराफा सातव्या पुलाखालून सुटला,
पुढे निळं पाणी, काठावर चौकोनी झाडं,
आणि आणखी एक पूल.
"हा वहीत नाही," त्या म्हणाल्या.
वही चाळून पाहिली. परत चाळली.
पडद्यावर तराफा पुलाखालून गेला
आणि वाहतच राहिला, कुणी बंद करीना.

त्या गेल्यावर मी नोंद उघडली.
'प्रत खराब' खोडलं. लिहिलं: प्रत ठीक, तराफा अडकतो.
कोत्सेवारला टोपी घातली.
ब तसाच ठेवला. एका ब मध्ये दोघं मावतात.
पुलांची संख्या: सात.
इथे माझं बोट थांबलं.
तोवर व्होयकोने पुढची टेप लावली होती.