रुस्तावीतली खिडकी

इथे लिफ्टला नाणं लागतं.
यंत्राची एक फेरी, रुळांची दुसरी,
पाण्याचं पिंप आणि गोचा मिळून तिसरी.
आठव्या मजल्यावर पोचेतो
माझे सुटे पैसे संपलेले.
त्सियालाबाई दारातच: "कागद आणलात?"
आणलाय. अभियंत्याची सही, शिक्का,
भिंतीचं चित्र, चित्रात लाल चौकोन.

गोचा नवा. पात्याच्या कडेवर बोट फिरवतो,
दात शोधतो.
नसतात रे.
हे पातं चावत नाही, झिजवतं,
आणि झिजवता झिजवता स्वतःही जातं.
हिऱ्याची कणी बोथटली
की तिला धरून बसलेला धातू सुटायला हवा,
तेव्हा खालची ताजी कणी वर येते.
म्हणून कडक दगडाला मऊ पातं,
भुसभुशीत विटेला कडक.
उलटं लावलंस
तर पातं आरशासारखं चकाकत राहील
आणि भिंत तुला हसेल.

निळ्या भुकटीचा दोरा ताणून सोडला.
तळाची रेघ आधी. फटीत पाचरी.
मग बाजू. वरची सगळ्यात शेवटी,
नाहीतर भिंत बसते
आणि पात्याला जबड्यात धरते.

पाणी सोडलं. चालू.

सळई डोळ्यांआधी कानाला कळते:
सूर खाली बसतो, मनगटात मुंग्या,
भिंतीवरून ओघळणारी राखाडी पेज
थोडा वेळ तांबूस होते.
चौदा सेंटिमीटरवर पातं चकाकलं, अडलं.
रेताड विटेत दोनदा फिरवून आणलं,
पुन्हा लावलं, पुन्हा अडलं.
बाई स्वयंपाकघरातून, कानात बोटं घालून ओरडल्या,
"इरोदीनं ओतलीय ती!"

सव्वीस वर्षं पॅनेलच्या कारखान्यात होता नवरा.
ही भिंतही तिथलीच,
कदाचित त्याच्याच पाळीतली.
सिमेंटला आमचा हात कधी आखडला नाही, म्हणायचा.
तो बढाया मारतो असं चाळीस वर्षं वाटत आलं त्यांना.
खिडकीचं विचारलं की मात्र
एकच उत्तर: आराखड्यात नव्हती.

अकरा तुकडे केले आम्ही.
पहिला जुन्या टायरवर आत ओढला
तशी वाऱ्याने कॅलेंडर उलटं केलं.
कापलेली बाजू ओली, गुळगुळीत;
तिच्यात गोटे अर्धे अर्धे झालेले,
हिरवे, जांभळे, एक अंड्याच्या बलकासारखा.
गोचानं त्यावर थुंकी लावून बोट फिरवलं.
"म्त्क्वारीतले," तो म्हणाला.
आणि आम्ही दोघांनीही भोकातून बाहेर पाहिलं,
चिमण्यांच्या पलीकडे,
जिथून ते ट्रकात भरून आले असणार.

बाईंनी नदीकडे पाहिलं नाही.
वारा फार येतोय म्हणाल्या,
चौकट आजच बसेल ना, विचारलं.
मग वाकून
एक चपटा तुकडा निवडला, उचलून वजन पाहिलं,
नळाखाली धुतला,
कोबीच्या लोणच्याच्या पिंपात
ताटलीवर दाब म्हणून ठेवला.
"हलका आहे," म्हणाल्या. दुसरा घेतला.

उरलेले नऊ खाली न्यायचे होते.
त्यांनी फडताळातून साखरेची बरणी काढली,
तळाशी नाणी.
लिफ्टपाशी उभ्या राहून
दर फेरीला एक एक देत राहिल्या,
आणि दार मिटेपर्यंत
आत पाहत.